नर की मादी? आधी शेपटी बघा

गेल्या अंकात गोड्या पाण्यातल्या कासवांच्या खाण्यापिण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एक ओळ हमखास आहे : आमचं कासव नर आहे की मादी, हे कसं ओळखायचं? या अंकातलं सदर म्हणून पूर्णपणे याच प्रश्नाला दिलं आहे. नाव काय ठेवायचं एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. घरातलं कासव मादी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून पोटात अंडी अडकून अखेरच्या घटका मोजणाऱ्या माद्या माझ्या तपासणीच्या टेबलावर येतात. वेळेवर शेपटीकडे पाहिलं असतं तर त्यातल्या पुष्कळ वाचल्या असत्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मत्स्यालयाच्या दुकानातून नाण्याएवढी दोन हिरवी कासवं आणली. दुकानदाराने "जोडी आहे" म्हणून सांगितलं होतं. आता ती तळहाताएवढी झाली आहेत, पण दोन्ही सारखीच दिसतात. ताई, यातला नर कोणता? — एक वाचक, डोंबिवली

डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ही लाल कानाची स्लायडर कासवं. दुकानात त्यांना जपानी, चायनीज असं काहीही म्हणतात. त्यांचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. नाण्याएवढ्या पिल्लाकडे नुसतं बघून ते नर आहे की मादी हे कुणालाच सांगता येत नाही, दुकानदाराला नाही आणि मलाही नाही. तुम्हाला मिळालेली 'जोडी' म्हणजे फक्त दोन पिल्लं.

खुणा दिसू लागतात त्या पोटाकडचं कवच साधारण १० सेंटिमीटर लांब झालं की. पाठीची गोलाई मोजू नका; सरळ पट्टी घेऊन पोटाचं कवच गळ्यापासून शेपटीपर्यंत मोजा. नर याच सुमाराला वयात येतो, म्हणजे दोन ते पाच वर्षांचा असताना. मादीला पाच ते सात वर्षं लागतात आणि तोवर तिचं पोटकवच १५ सेंटिमीटरच्या पुढे गेलेलं असतं. त्यामुळे १० सेंटिमीटरच्या कासवात नराच्या खुणा स्पष्ट असतील तर तो नर, हे निश्चित. खुणा नसतील तर मात्र ती मादी असेल किंवा सावकाश वाढणारा नर असेल. नर लवकर ओळखता येतो, मादी ठरवायला थांबावं लागतं.

आता शेपटी. नराची शेपटी बुडाशी जाड आणि लांब असते, मादीची आखूड आणि लवकर निमुळती होणारी. पण लांबीपेक्षा भरवशाची खूण शेपटीच्या खालच्या बाजूला असते. तिथे एकच छिद्र दिसेल. विष्ठा, मूत्र, अंडी, समागम या सगळ्यांचा मार्ग तोच. शास्त्रात त्याला अवस्कर म्हणतात. नरामध्ये हे छिद्र शेपटीच्या टोकाकडे सरकलेलं, पाठीच्या कवचाच्या कडेच्या बाहेर असतं. मादीमध्ये ते शरीराजवळ, कवचाच्या कडेच्या आत किंवा फार तर कडेशी असतं. हे बघायला कासव उलटं करून ठेवू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात थोडं पाणी घालून त्यात कासव सोडा, डबा उचला आणि खालून बघा. कासव घाबरत नाही, शेपटी मोकळी सोडतं आणि तुम्हाला निवांत पाहता येतं. हातात धरल्यावर ते शेपटी बाजूला दुमडून लपवतं आणि मग काहीच धड दिसत नाही.

दुसरी खूण पुढच्या पायांची नखं. स्लायडर नराच्या पुढच्या पायांची नखं मादीच्या दुप्पट-तिप्पट लांब होतात. मात्र गुळगुळीत काचेच्या टाकीत नखं घासली जात नाहीत, त्यामुळे मादीचीही थोडी वाढलेली दिसतात. म्हणून त्याच कासवाच्या मागच्या पायांशी तुलना करा. मागची नखं आखूड आणि पुढची लांबच लांब असतील तर नर. चारही पायांची वाढलेली असतील तर त्यावरून काही ठरवू नका.

आकाराचा फरक यथावकाश दिसतोच. नर १५ ते २० सेंटिमीटरवर थांबतो, मादी २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. एकाच वयाच्या, एकच खाणं खाणाऱ्या दोघांपैकी एक झपाट्याने पुढे गेलं तर ते बहुधा मादी. पोटाचं कवच नरात किंचित खोलगट असतं असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. स्लायडरमध्ये हा फरक इतका थोडा असतो की मी त्यावर विसंबत नाही. म्हातारे नर काळवंडतात, डोळ्यामागचा लाल पट्टाही पुसट होतो. बरेच जण तो आजार समजून कासव घेऊन येतात. इतर काही त्रास नसेल तर तो आजार नाही.

घाईच असेल तर पशुवैद्य दुर्बिणीने आत पाहून लहान कासवाचंही लिंग सांगू शकतात, पण निव्वळ कुतूहलापोटी त्याला भूल देण्याचा धोका पत्करू नये. आणि हाताळून झालं की साबणाने हात धुवा, विशेषतः मुलांचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. खुद्द अमेरिकेत चार इंचांहून, म्हणजे साधारण १० सेंटिमीटरहून लहान कवचाच्या कासवांची विक्री १९७५ पासून याच कारणाने बंद आहे. लहान मुलं चिमुकली कासवं तोंडात घालत आणि आजारी पडत. आपल्याकडे मात्र ती नाण्याएवढी असतानाच विकली जातात.

प्रश्न : आमच्याकडच्या दोन कासवांपैकी लहान कासव मोठ्याच्या तोंडासमोर येऊन पुढचे दोन्ही पाय थरथरवतं, जणू थपडा मारतंय. भांडतात का ती? वेगळी करू का? — एक वाचक, कोल्हापूर

हे प्रियाराधन आहे. नराला लांब नखं असतात ती यासाठीच. तो मादीच्या पुढे जाऊन तिच्याकडे तोंड करून पोहतो, दोन्ही पाय सरळ ताणतो, तळवे बाहेर वळवतो आणि नखं तिच्या गालाशी, डोळ्यांपाशी अतिशय वेगाने कंप पावत राहतात. मादीची तयारी असेल तर ती हळूहळू तळाला जाते आणि नर तिच्या मागे जातो. नसेल तर ती तोंड फिरवते किंवा चावायला धावते. लहान कासव मोठ्यापुढे असं करतंय, याचा अर्थ तुमच्याकडे खरंच नर आणि मादी असण्याची शक्यता बरीच आहे. खात्री मात्र शेपटीवरूनच करा, कारण वयात न आलेली पिल्लंही असं करतात आणि कधी कधी मादीही करते.

वेगळं करायचं की नाही, हे मोठ्या कासवाकडे पाहून ठरवा. ती नीट खाते, ऊन घ्यायला फळीवर येते, मानेवर किंवा शेपटीवर चाव्याच्या जखमा नाहीत, तर राहू द्या. ती सतत पाण्याबाहेर राहू लागली, खाणं सोडलं, मानेची कातडी सोलवटलेली दिसली, तर त्याच दिवशी वेगळं करा. मधे जाळी लावून चालत नाही, दुसरी टाकीच हवी. निसर्गात नकोशा नरापासून दूर जायला मादीला आख्खी नदी असते, घरच्या टाकीत ती चार भिंतींत अडकते. एक नर आणि एक मादी एकत्र ठेवणं म्हणूनच मला पसंत नाही, दुकानदार कितीही आग्रहाने जोडी देवो.

प्रश्न : काल रात्री कासवाच्या शेपटीतून काळं-जांभळं मांसासारखं काहीतरी बाहेर आलं. आतडंच बाहेर पडलं असं वाटून आम्ही सगळे घाबरलो. थोड्या वेळाने ते आत गेलं. दवाखान्यात न्यावं का? — एक वाचक, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर)

ते आतडं नव्हतं. तुमचं कासव नर आहे, त्याचं ते लिंग होतं. कासवाचं लिंग एरवी शेपटीच्या आत असतं, म्हणूनच नराची शेपटी जाड असते. ते गडद जांभळं किंवा काळपट, टोकाला पसरट आणि शरीराच्या मानाने खूप मोठं असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसणं साहजिक आहे. अंघोळीच्या कोमट पाण्यात, हाताळताना, किंवा काहीच कारण नसताना नर ते बाहेर काढतो आणि काही मिनिटांत आत घेतो. टाकीत एकटा असला तरीही. नर असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही.

काळजी करायची ती आत गेलं नाही तर. तासभर झाला तरी बाहेरच आहे, सुजलंय, वाळतंय, रक्त आलंय, असं असेल तर कासवाला खडे-वाळू नसलेल्या स्वच्छ, उथळ पाण्याच्या डब्यात एकटं ठेवा म्हणजे तो भाग ओला राहील, आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. बोटाने आत ढकलू नका. दुसरं कासव जवळ असेल तर ते त्याला खाणं समजून चावतं, असे रुग्ण आमच्याकडे येतात. फार उशीर झाला तर लिंग काढून टाकावं लागतं. तशा वेळी मालक विचारतात, मग लघवी कशी होणार? कासवात मूत्राचा मार्ग लिंगातून जात नाही, त्यामुळे तो नर पुढे व्यवस्थित जगतो, फक्त प्रजननाला निरुपयोगी होतो.

प्रश्न : आमचं कासव नाण्याएवढं असल्यापासून सात वर्षं एकटंच आहे. परवा सकाळी टाकीत तीन पांढरी लांबट अंडी दिसली, एक फुटलेलं होतं. नर नसताना अंडी कशी? यातून पिल्लं येतील का? ती सध्या काही खात नाही. — एक वाचक, पनवेल

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. ती खात नाही आणि अंडी तीनच आली आहेत, तर आत आणखी अंडी असण्याची दाट शक्यता आहे. स्लायडरची मादी एका वेळी दहाच्या आसपास अंडी घालते, मोठी मादी त्याहून जास्त. सदर छापून हातात पडेपर्यंत थांबणं योग्य नव्हतं, म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहेच. इतरांसाठी इथे सविस्तर लिहिते.

मादी वयात आली की नर असो वा नसो, अंडी तयार होतात. कोंबडीचं जसं असतं तसंच. एकट्या वाढलेल्या मादीची अंडी फलित नसतात, त्यातून पिल्लू येणार नाही. कधीकाळी नराबरोबर राहिली असेल तर गोष्ट वेगळी : कासवाची मादी नराचे शुक्राणू शरीरात काही वर्षं जिवंत साठवून ठेवू शकते. तुमची नाण्याएवढी असल्यापासून एकटी आहे, म्हणजे ही अंडी रिकामीच.

अडचण होते ती जागेची. मादी पाण्यात अंडी घालत नाही. तिला कोरडी जमीन हवी, तीही मागच्या पायांनी खणता येईल अशी. ती मिळाली नाही की ती अंडी धरून ठेवते, धरून ठेवते, आणि शेवटी काही पाण्यात टाकते, काही आतच अडकतात. अडकलेल्या अंड्यांभोवती कवच जाड होत जातं, ती फुटली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. आठवड्यापूर्वीपर्यंत धडधाकट असलेली मादी अशा वेळी झपाट्याने खालावते.

लक्षणं ओळखा. मादी बेचैन होते, टाकीच्या काचेवर चढू पाहते, रात्रीही पोहत राहते, फळीवर येऊन मागच्या पायांनी हवेतच खणण्याची क्रिया करते, खाणं कमी करते. यातलं 'खणणं' दिसलं की त्याच दिवशी पेटी तयार करा : एखादा मोठा प्लास्टिकचा टब, त्यात ओलसर वाळू आणि माती समप्रमाणात, थर निदान कासवाच्या लांबीइतका, म्हणजे २५ सेंटिमीटर. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा इतकीच ओल. वर ऊबेसाठी दिवा. मादीला त्यात ठेवून खोलीतून बाहेर जा, कुणी बघत असलं की ती खणत नाही. बाल्कनीत मातीचा मोठा वाफा असेल आणि कावळे-मांजरांची राखण करता येत असेल तर तोही चालेल.

दोन-तीन दिवसांत अंडी आली नाहीत आणि ती सुस्त झाली, तर क्ष-किरण काढून घ्या. अंड्यांची कवचं त्यात स्पष्ट दिसतात, किती आहेत ते मोजता येतं, एखादं वेडंवाकडं किंवा फुटकं असेल तर तेही कळतं. सगळं सरळ असेल तर कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनने बहुतेक माद्या मोकळ्या होतात. कासवांमध्ये हे औषध चांगलं लागू पडतं. अंडं वाटेत आडवं असेल तर मात्र तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं, म्हणून चित्र पाहिल्याशिवाय ते देऊ नये आणि कुणी घरच्या घरी तर मुळीच देऊ नये. पोट दाबून अंडं काढण्याचा प्रयत्नही नको.

यापुढे वर्षातून एकाहून अधिक वेळा असं होऊ शकतं. पेटी कायमची ठेवा. कवच बनायला लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं, म्हणून समुद्रफेणीचा तुकडा टाकीत तरंगत राहू द्या आणि अतिनील किरणांचा दिवा जुना झाला असेल तर बदला. नुसता उजेड देणारा दिवा पुरत नाही, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातून हे किरण आत पोहोचत नाहीत.

प्रश्न : मी आठवीत आहे. माती गरम असेल तर कासवाच्या अंड्यांतून मुली येतात असं सरांनी सांगितलं. हे खरं आहे का? मग मुलगे कसे होतात? — एक विद्यार्थिनी, लातूर

सरांनी बरोबर सांगितलं. माणसात मुलगा की मुलगी हे गर्भ तयार होतानाच गुणसूत्रांनी ठरतं, हे तू पुस्तकात वाचलं असशील. स्लायडरसारख्या अनेक कासवांत तसं नसतं. अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव नर किंवा मादी काहीही होऊ शकतो. स्लायडरची अंडी २६ अंश सेल्सिअसला उबवली तर जवळजवळ सगळे नर होतात, ३१ अंशांना सगळ्या माद्या. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही मिळतात. म्हणजे मुलगे व्हायला जरा थंड माती हवी. आणि सगळा काळ नाही, उबवणीच्या मधल्या एक-तृतीयांश काळातली ऊब हे ठरवते.

हे घडतं कसं, याचा एक मोठा दुवा २०१८ साली याच लाल कानाच्या कासवात सापडला. चीन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की केडीएम६बी नावाचं जनुक थंड तापमानात जोमाने काम करतं आणि नर घडवणारी साखळी सुरू करतं. अंड्यांना २६ अंशांवरच ठेवलं, पण या जनुकाचं काम मंद केलं, तर बहुतेक पिल्लांत नराच्या वृषणांऐवजी मादीचे बीजांडकोश तयार होऊ लागले.

सगळ्याच कासवांचं असं नाही बरं का. मऊ पाठीच्या कासवांच्या ज्या जाती शास्त्रज्ञांनी तपासल्या, त्यांत तापमानाने फरक पडत नाही, तिथे गुणसूत्रंच ठरवतात. आणि तीही माणसासारखी नाहीत, पक्ष्यांसारखी : दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, नराकडे नाही. आता सरांना तू एक प्रश्न विचार : उन्हाळे वाढत गेले तर नदीकाठच्या वाळूत घातलेल्या अंड्यांचं काय होईल? या प्रश्नावर जगभर काम चालू आहे. पुढे तुलाही त्यात करण्यासारखं पुष्कळ असेल.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या ग्वाल्हेरला आहोत. फेब्रुवारीत पाहुण्यांना घेऊन चंबळवर नावेतून गेलो. वाळूवर मोठमोठी तपकिरी कासवं होती आणि त्यांच्यात काही लहान, चेहरा रंगवल्यासारखी : डोक्यावर लाल, मानेवर लाल रेघा. नावाडी म्हणाला, एकच जात आहे. खरं का? — एक वाचक, ग्वाल्हेर

नावाडी बरोबर बोलला, आणि तुम्ही भाग्यवान आहात. ती लाल तिलकधारी कासवं, शास्त्रीय नाव बटागुर कचुगा. रंगीत ते नर, मोठ्या तपकिरी त्या माद्या. विणीच्या काळात नराचं कपाळ लालभडक होतं, गालांवर निळसर झाक येते आणि फिकट मानेवर सहा लाल पट्टे उठून दिसतात. मादी या कशातच भाग घेत नाही, पण तिचं कवच ५६ सेंटिमीटरपर्यंत आणि वजन २५ किलोपर्यंत जातं. नर तिच्या निम्म्याचा. गंगेच्या खोऱ्यात एकेकाळी सर्वदूर असलेली ही जात आज मुख्यतः चंबळच्या आधाराने टिकून आहे आणि अतिसंकटग्रस्त मानली जाते. मार्च-एप्रिलमध्ये माद्या वाळूच्या उंच पट्ट्यांवर अंडी घालतात. रेती उपसा झाला, धरणातून अवेळी पाणी सुटलं किंवा कोल्ह्यांनी उकरलं, की घरटं गेलं. पुढच्या वेळी वाळूवर उतरू नका, नावेतूनच बघा.

मादी एवढी मोठी का? अंड्यांना जागा लागते, हे सरळ उत्तर आहे. १९८० साली बेरी आणि शाइन या संशोधकांनी कितीतरी जाती तपासून त्यात एक सुंदर सूत्र दाखवलं. ज्या कासवांत नर मादीला रिझवतात आणि पाण्यात पोहत तिचा पाठलाग करतात, तिथे नर लहान असतो. जिथे नर एकमेकांशी झुंजतात, तिथे नर मोठा, जसं अमेरिकेतलं चावरं स्नॅपिंग कासव. म्हणून 'मोठं ते मादी' हा नियम डोळे झाकून लावू नका.

रंग बदलणारे नर आपल्या देशात आणखीही आहेत. सुंदरबनातल्या बटागुर बास्का या खाडीकासवाच्या नराचं डोकं विणीच्या काळात काळंभोर होतं आणि मान-पाय लालसर. पण या मोसमी रंगांची गंमत चंबळच्या काठावर बघावी तशी कुठेच नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात गावच्या तलावाचा गाळ काढताना चपटी, मऊ कडेची तीन कासवं निघाली. एक बरंच मोठं होतं. त्यात नर-मादी ओळखून एक जोडी आमच्या शेततळ्यात सोडावी असं मनात आहे. — एक शेतकरी, भंडारा

काका, मागचे पाय आत घेतल्यावर त्यांवर कातडीची झडप बसते का ते बघितलं असेल तर ते झडपवालं मऊ पाठीचं कासव, आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारं. उन्हाळ्यात ते गाळात पुरून घेऊन पावसाची वाट बघतं. मोठं ते बहुधा मादी. नराची शेपटी लांब, जाड आणि पाठीच्या कडेबाहेर ठळक दिसते. मादीची जेमतेम डोकावते. नखांचा फरक या जातीत बघायला जाऊ नका.

पण जोडी करून शेततळ्यात सोडण्याचा विचार कृपा करून सोडा. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, नेणं, पाळणं यातलं काहीही गुन्हा ठरतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात त्यांना गाळ नाही, अंडी घालायला काठ नाही, आणि घसरड्या उतारावरून बाहेरही येता येत नाही. जिथे निघाली त्याच तलावाच्या ओल्या, सावलीच्या कडेला, यंत्राचं काम संपलेल्या बाजूला त्यांना सोडा आणि वनरक्षकांना कळवा. मेलेले मासे आणि गोगलगायी खाऊन ती तलाव स्वच्छ ठेवतात. तुमच्या भागातल्या जुन्या मालगुजारी तलावांना त्यांची गरज आहे.

प्रश्न : आमच्या परसातल्या विहिरीत वर्षानुवर्षं एक काळं कासव आहे. उपसा केला तेव्हा पोट आत गेलेलं दिसलं. आजारी आहे का? — एक वाचक, सावंतवाडी

नाही, तो नर आहे. या काळ्या तळेकासवात नराचं पोटकवच चांगलंच खोलगट असतं आणि शेपटी जाड. मादीच्या घुमटाकार पाठीवर चढताना घसरू नये म्हणून ही खोली उपयोगी पडते. मादीचं पोट सपाट असतं. स्लायडरमध्ये जी खूण मी बाजूला ठेवली, ती इथे पहिल्या नजरेत कामाला येते.

प्रश्न : गावात एक माणूस वीस नखी कासव शोधत फिरतोय, मोठी रक्कम देतो म्हणतो. वीस नखं असलेलं कासव नर असतं की मादी? असं खरंच असतं का? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

नखांची संख्या नर आणि मादीत सारखीच असते, फरक असतो तो लांबीचा, आणि तोही काही जातींतच. स्लायडर, विहिरीतलं काळं कासव, जमिनीवरचं चांदणी कासव, या सगळ्यांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं असतात. मऊ पाठीच्या कासवांना प्रत्येक पायाला तीनच. वीस नखी कासवाने पैशांचा पाऊस पडतो, ही थाप सांगून माणसांना लुबाडलं जातं आणि त्यापायी कासवं पोत्यात कोंबून महिनोन्‌महिने उपाशी ठेवली जातात. सोडवून आणलेल्यांपैकी काहींच्या पायांत खोचलेली किंवा चिकटवलेली जादा नखं असतात. त्या जखमा चिघळतात, कासवं तापाने नव्हे तर त्या सडण्याने मरतात. हे पाहताना मला अजूनही संताप येतो.

त्या माणसाशी सौदा करण्याचं नाटकही करू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड आहे, शिवाय राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो.

प्रश्न : मैत्रीण परदेशी जाते आहे. तिच्याकडे स्लायडरचा एक नर आणि एक मादी आहे. मला एकच सांभाळणं शक्य आहे. कोणतं घेऊ? — एक वाचक, पुणे

नर घ्या. तो लहान राहतो, त्याला अंडी घालायची पेटी लागत नाही, अंडी अडकण्याची भीती नाही. त्याला चार फूट लांबीची टाकी पुरते, मादीला सहा फुटांची हवी. दोघेही एकटे सुखाने राहतात, सोबत नाही म्हणून झुरत नाहीत. मादीसाठी मोठी जागा असलेलं घर शोधायला मैत्रिणीला मदत करा. कुणी "तलावात सोडून दे" म्हणालं तर ऐकू नका. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक परकीय जातींच्या यादीत हे कासव आहे. आपल्या कासवांची ऊन घ्यायची जागा आणि खाणं ते बळकावतं, रोगही देतं.

नर वीस-तीस वर्षं तुमच्या सोबत असेल, हे घरात सगळ्यांशी बोलून घ्या. टाकी, मोठा फिल्टर, ऊन घ्यायची कोरडी फळी आणि अतिनील दिवा हे सगळं लावून झाल्यावरच त्याला आणा, आणि मैत्रिणीकडून त्याचं वय, खाण्याच्या सवयी आणि आजवरच्या आजारांची नोंद लिहून घ्या.